डावी बाजू : ‘स्लॅम डंक’चे पुनर्वाचन

क्रीडाकथा हा प्रकार पुनर्वाचनाच्या कसोटीला सहसा उतरत नाही. कारण उघड आहे. सामना कोण जिंकणार, ही उत्कंठा हाच अशा कथेचा प्राण असतो आणि निकाल कळला की तो निघून जातो. रहस्यकथेची जी गत, तीच हिची. म्हणूनच, शेवटच्या सामन्याची गुणसंख्या तोंडपाठ असूनही एखादी क्रीडाकथा पुन्हा हाती घ्यावीशी वाटत असेल आणि प्रत्येक वाचनात तिच्यातील माणसे आपल्या मनातली जागा बदलीत असतील, तर त्याची कारणे शोधणे हे समीक्षेचे काम ठरते. ताकेहिको इनोउए यांच्या ‘स्लॅम डंक’ या जपानी चित्रकथेविषयी आम्हांला येथे लिहावयाचे आहे, ते याच हेतूने.

चित्रकथा म्हटले की आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे पुराणांतील आणि इतिहासातील प्रसंगांची बत्तीस रंगीत पाने येतात. जपानी ‘मांगा’ हा प्रकार त्याहून फार निराळा आहे. साप्ताहिकांतून क्रमशः येणारी, बहुधा काळ्या-पांढऱ्या रेखाटनांची, पुढे खंडशः पुस्तकरूप घेणारी ही दीर्घ कथा असते. कादंबरीचा पैस आणि चित्रपटाची गती या दोहोंवर तिचा हक्क असतो. ती उजवीकडून डावीकडे वाचावयाची असते आणि इंग्रजी भाषांतरांतूनही आता बहुधा हाच क्रम राखला जातो. आपल्या घरांत हे खंड शिरतात ते नातवंडांच्या दप्तरांतून. ते परत दप्तरात जाण्यापूर्वी एकदा चाळावेत, अशी आमची सूचना आहे.

‘स्लॅम डंक’ १९९० ते १९९६ या काळात ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली. एकूण २७६ प्रकरणे, ३१ खंड. लेखन सुरू झाले तेव्हा इनोउए २३ वर्षांचे होते आणि शाळकरी वयात ते स्वतः बास्केटबॉल खेळलेले होते. त्या काळी जपानी शाळांत मान होता तो बेसबॉलला. बास्केटबॉलची कथा चालेल, असा भरवसा फारसा कोणाला नव्हता. पुढे या कथेच्या खपलेल्या प्रतींची संख्या दहा कोटींच्या पलीकडे गेली. परंतु खपाचा आकडा वाङ्मयीन गुण सिद्ध करीत नाही, तेव्हा तो बाजूला ठेवू.

कथानक थोडक्यात असे. कानागावा प्रांतातील शोहोकु या सामान्य शाळेत हानामिची साकुरागी हा तांबड्या केसांचा, मारामाऱ्या करणारा, पन्नास मुलींनी नाकारलेला मुलगा दाखल होतो. हारुको नावाच्या मुलीवर छाप पाडण्याकरिता तो बास्केटबॉलच्या संघात शिरतो; खेळाचे अक्षरही त्याला ठाऊक नसते. त्याच संघात त्याच्याच वर्गाच्या वयाचा काएदे रुकावा असतो : उपजत प्रतिभेचा, अबोल, आणि हारुकोच्या मनात भरलेला. कप्तान ताकेनोरी आकागी हा हारुकोचा थोरला भाऊ. राष्ट्रीय विजेतेपदाचे स्वप्न तो एकट्यानेच बाळगून असतो. गुडघ्याच्या दुखापतीनंतर वाया गेलेला हिसाशी मित्सुई आणि उंचीने ठेंगणा, पायाने चपळ असा रियोता मियागी येऊन मिळतात आणि पाचांचा संघ पुरा होतो. चार महिन्यांत हा संघ प्रांतिक सामन्यांतून हिरोशिमाच्या राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचतो आणि तेथे सान्नो या गतविजेत्या शाळेला ७९ विरुद्ध ७८ असे एका गुणाने हरवितो.

पहिल्या वाचनात ही साकुरागी आणि रुकावा यांची कथा वाटते. एक रांगडा, दुसरा कसलेला, दोघांत वैर. पानांची मांडणीही वाचकाची नजर सतत या दोघांवर खिळवून ठेवते. दुसऱ्या वाचनात निकालाची घाई नसते. तेव्हा नजर कडेला वळते, आणि कडेला किती माणसे किती निगुतीने रेखाटलेली आहेत हे ध्यानात येते.

त्यांतील पहिला, उपकप्तान किमिनोबु कोगुरे. चष्मा लावणारा, मवाळ, सर्वांचे तंटे सोडविणारा हा मुलगा माध्यमिक शाळेपासून आकागीच्या सोबत आहे. शरीर थोडे कणखर व्हावे म्हणून तो खेळू लागला आणि खेळ त्याला आवडू लागला; याहून मोठे कारण त्याच्यापाशी नाही. आकागीच्या कडक शिस्तीने आणि अवास्तव वाटणाऱ्या स्वप्नाने गुदमरून बरोबरीची मुले एकेक करून संघ सोडून गेली, हा राहिला. संघात खरे गुणी खेळाडू आले, तेव्हा पहिल्या पाचांतील जागा त्याने सोडली ती इतक्या सहजपणे की वाचकाच्या ते लक्षातही येत नाही. लक्षात येऊ नये अशीच चित्रकाराची योजना आहे. रियोनान शाळेविरुद्धच्या निर्णायक सामन्यात त्या संघाचे शिक्षक ताओका असा हिशेब मांडतात की शोहोकुच्या राखीव खेळाडूंत दम नाही, कोगुरेला मोकळा सोडला तरी चालेल. अखेरच्या क्षणांत मोकळा राहिलेला कोगुरे लांबून चेंडू फेकतो आणि तीन गुण मिळतात. ताओका मनाशी कबूल करतात की या मुलानेही तीन वर्षे घाम गाळला होता, हे आपल्या हिशेबात नव्हते.

हा फटका पहिल्या वाचनात सुखद धक्का देतो. दुसऱ्या वाचनात त्याची पूर्वतयारी दिसते. ताओका यांनी मोजले नाही ते वाचकानेही मोजलेले नसते. प्रतिपक्षाच्या शिक्षकाची जी दृष्टी, तीच वाचकाची. ज्याने आपल्याला सदैव ‘चश्मेवाला’ म्हणून हिणविले, तो साकुरागीच त्याला सांगतो की तुझी निवृत्ती आता लांबली, आणि कोगुरेला अश्रू आवरत नाहीत. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला पराभव म्हणजे शाळकरी खेळाचा शेवट, ही जाणीव तोवर संवादांच्या तळाशी वाहत होती. ती येथे प्रथमच डोळ्यांवाटे बाहेर येते.

कोगुरेपाठोपाठ ज्याची उंची वाढते तो उओझुमी. रियोनानचा हा धिप्पाड कप्तान आकागीचा प्रतिस्पर्धी. हरल्यावर तो खेळ सोडतो आणि स्वयंपाक शिकू लागतो. सान्नोविरुद्धच्या सामन्यात आकागीची अवस्था बिकट होते. समोरचा कावाता त्याच्याहून सर्व अंगांनी सरस आहे. त्याला एकट्याने हरविण्याच्या हट्टापायी आकागी आणि त्याच्याबरोबर संघही बुडू लागतो. वीसहून अधिक गुणांची पिछाडी असताना आचाऱ्याचा पांढरा वेष घातलेला उओझुमी मैदानाच्या कडेला उतरतो, आणि एका हातात सुरी, दुसऱ्या हातात मुळा धरून त्या मुळ्याची पातळ, अखंड पापुद्र्यासारखी सालपट काढू लागतो. रखवालदार त्याला धरावयास येतात. पहिल्या वाचनात हा प्रसंग विनोदी वाटतो, आणि तो विनोदी आहेच.

पण त्याचा अर्थ? कच्च्या मासळीच्या ताटात मुळ्याचा हा कीस मासळीला उठाव आणण्याकरिता असतो. कावाता हा मानाचा मासा असेल, तू चिखलात लोळणारा चपटा मासा आहेस, तेव्हा चिखलात उतर, असे उओझुमी आकागीला सुचवितो. आकागीला उमगते की आपण कावाताकडून हरलो तरी शोहोकु हरेलच असे नाही; आपल्या अंगावर पाय देऊन बाकीचे चौघे वर चढले तरी पुरे. त्या क्षणापासून तो सहकाऱ्यांसाठी आडोसा उभा करू लागतो आणि सामन्याचा कल बदलतो.

या प्रसंगाला आपल्या भाषेत एक तयार शब्द आहे : डावी बाजू. पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे यांची जागा डावीकडे. पक्वान्नाची वाखाणणी होते, डाव्या बाजूची क्वचितच. पण ती नसेल तर पान अपुरे. परप्रांतांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत उजव्या बाजूला त्या त्या मुलखाचे पदार्थ आले, स्थिरावले, आणि आवडीचेही झाले. डावी बाजू मात्र बहुतेक ठिकाणी आहे तेथे राहिली. उओझुमीच्या मुळ्याचे मर्म समजावयास आपल्या वाचकाला जपानी पाकशास्त्र धुंडाळावे लागू नये. आणि आमच्या मते ‘स्लॅम डंक’ ही आरंभापासून डाव्या बाजूची कथा आहे. तिच्यातील प्रत्येक महत्त्वाचे पात्र पक्वान्न होण्याच्या ईर्ष्येने येते, आणि त्याची खरी वाढ होते ती दुसऱ्याला चव आणण्याची कला त्याला साधते तेव्हा.

या दृष्टीने रुकावाकडे पाहा. प्रथमदर्शनी तो परिपूर्ण खेळाडू वाटतो, म्हणून त्याच्यात बदल होण्याजोगे काही नाही असा समज होतो. जवळची शाळा म्हणून त्याने शोहोकु निवडली. सहकाऱ्यांशी त्याचे देणेघेणे नाही. अमेरिकेला जाण्याचा मानस तो बोलून दाखवितो, तेव्हा शिक्षक आन्झाई त्याला आधी जपानमधील पहिल्या क्रमांकाचा शालेय खेळाडू हो, असे सांगतात. रियोनानचा सेन्दो त्याच्याशी एकटा खेळताना त्याचे वैगुण्य नेमके हेरतो : हा सामन्यातही एकास एक असाच खेळतो. सान्नोचा सावाकिता त्याला पुन्हापुन्हा अडवितो, तेव्हा रुकावा प्रथमच मनापासून चेंडू दुसऱ्याला देऊ लागतो. चेंडू देणे ही कोणत्याही नवख्याला पहिल्या आठवड्यात शिकविली जाणारी गोष्ट. प्रतिभावंत ती सर्वांत शेवटी शिकतो. पहिल्या वाचनात वाचक रुकावाचे गुण मोजतो. दुसऱ्या वाचनात त्याने दिलेले चेंडू मोजावेत, म्हणजे हे पात्र किती दूरवर आले आहे ते कळेल.

मित्सुईची गोष्ट निराळी. पूर्वी सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविलेला हा मुलगा गुंडांची टोळी घेऊन व्यायामशाळेवर चालून येतो, आणि आन्झाईंना पाहताच कोसळून आपल्याला खेळावयाचे आहे, अशी कबुली देतो. हा प्रसंग या कथेतील सर्वांत गाजलेला. आम्हांला मात्र त्याच्या पुढचा मित्सुई अधिक मोलाचा वाटतो. पश्चात्ताप एका क्षणात होतो. वाया गेलेली दोन वर्षे दमसासाच्या रूपाने प्रत्येक सामन्यात वसूल केली जातात. तो लवकर थकतो, बाहेर बसतो, आणि तो काळ आपण का घालविला म्हणून एकांतात रडतो. सान्नोविरुद्ध तर त्याला हात उचलवत नाहीत. त्याच्यापाशी उरतो तो केवळ भरवसा : आकागी आडोसा करील, मियागी चेंडू देईल, नेम चुकला तर साकुरागी तो चेंडू उचलील. एकेकाळचा नामांकित खेळाडू असा सर्वस्वी दुसऱ्यांवर विसंबतो आणि त्याच अवस्थेत त्याचे नेम लागू लागतात.

याच प्रसंगाशी जोडलेली एक त्रुटी मात्र सांगितली पाहिजे. व्यायामशाळेतील त्या रक्तपाताचा दोष योहेई मितो आणि साकुरागीचे इतर मित्र आपल्या माथी घेतात, म्हणून संघ वाचतो. हे मित्र पुढे प्रेक्षकांत बसून टाळ्या पिटतात. त्यांनी जे सोसले त्याचा हिशेब कथा पुढे मांडीत नाही. डाव्या बाजूची कदर करणाऱ्या लेखकाकडून ही उपेक्षा अपेक्षित नव्हती. स्त्रीपात्रांच्या बाबतीत ती अधिक खटकते. हारुको स्वतः बास्केटबॉल खेळलेली, खेळाची जाण असलेली आणि साकुरागीमधील गुण सर्वांआधी ओळखणारी मुलगी. तरीही बहुतेक वेळ तिच्या वाट्याला सज्जातून पाहणे आणि डोळे पुसणे येते. शेवटी ती संघाची व्यवस्थापिका होते, पण तेव्हा कथा संपत आलेली असते. आयाकोच्या हाती चोख व्यवहारबुद्धी आहे, पण तिला स्वतःचे असे एकही दुःख लेखकाने दिलेले नाही.

आन्झाई या वृद्ध शिक्षकाचे पात्रही पुनर्वाचनात पालटते. गोलमटोल, हसतमुख, मोजके बोलणारे हे गृहस्थ प्रथम केवळ प्रेमळ आजोबा वाटतात. परंतु पूर्वी विद्यापीठाच्या संघात ते कठोरपणाबद्दल कुप्रसिद्ध होते. त्या कठोरपणाला कंटाळून याझावा हा त्यांचा गुणी शिष्य अमेरिकेला निघून गेला, तेथे त्याला मूळ धडे देणारे कोणी भेटले नाही, आणि पाच वर्षांनी मोटार-अपघातात तो मरण पावला. हे कळल्यावर त्यांच्या प्रत्येक स्मितामागे एक थडगे दिसू लागते. सान्नोच्या सामन्यात चेंडू वाचविताना साकुरागी कडेच्या मेजावर आदळतो आणि त्याच्या पाठीला गंभीर इजा होते. आन्झाईंच्या ते ध्यानात येते. तरीही या मुलाची वाढ आणखी थोडी पाहावी, या मोहाने ते त्याला लगेच बाहेर बोलावीत नाहीत, आणि तसे ते त्याच्यापाशी मान्य करतात. एका शिष्याला कठोरपणाने गमावणारा गुरू दुसऱ्याला कौतुकापायी गमावण्याच्या काठावर येतो. गुरूच्या प्रेमातही एक हाव असते, हे इतक्या मोकळेपणाने सांगणारी क्रीडाकथा आमच्या वाचनात दुसरी नाही. इनोउए आणि त्यांच्या प्रकाशकांनी २००६ मध्ये तरुण जपानी खेळाडूंना अमेरिकेत शिकण्याकरिता शिष्यवृत्ती सुरू केली. त्या योजनेकडे पाहताना आम्हांला याझावा आठवल्यावाचून राहत नाही.

लेखकानेही आपल्या कृतीचे पुनर्वाचन केले आहे. ३ डिसेंबर २०२२ रोजी जपानमध्ये ‘द फर्स्ट स्लॅम डंक’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचे लेखन-दिग्दर्शन इनोउए यांचे. सामना तोच, सान्नोचा. पण मध्यवर्ती पात्र रियोता मियागी. मूळ कथेत पाचांपैकी ज्याचे घर, ज्याचे बालपण सर्वांत कमी दिसते तो हाच. चित्रपटात तो ओकिनावाचा आहे, त्याचे वडील वारले आहेत, आणि ज्याच्यापाशी तो खेळ शिकला तो थोरला भाऊ सोता समुद्रावर गेला तो परत आला नाही. त्याच्या आईला धाकट्याकडे पाहताना थोरला आठवतो. धाकट्याला ते कळते. मूळ कथा संपल्यावर २६ वर्षांनी लेखक त्याच सामन्याकडे परततो आणि कडेच्या माणसाला मध्यभागी आणतो, यावरून डाव्या बाजूचे भान त्याच्या मनात वयाबरोबर वाढतच गेले, असे म्हणावयास हरकत नाही. साकुरागीच्या विनोदाला यात कात्री लागली, अशी तक्रार करता येईल. ती रास्त आहे; मूळ कथेतील हसू आणि चित्रपटातील शोक हे एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत, ती दोन्ही वाचली-पाहिली पाहिजेत.

आता साकुरागी. त्याच्याविषयी सर्वांत शेवटी लिहिण्याचे कारण असे की या सर्वांचे धडे त्याच्यात येऊन मिळतात. त्याला हवा असतो तो डंक : उंच उडी मारून चेंडू थेट जाळीत कोंबणे, खेळातील सर्वांत दिमाखदार कृत्य. कथेचे नावही तेच. पण आकागी त्याला शिकवितो तो रिबाउंड, म्हणजे दुसऱ्याचा चुकलेला चेंडू आपल्या हाती घेणे. पुढे नेम शिकण्यासाठी तो एका आठवड्यात वीस हजार फेकी करतो. त्या सरावात त्याच्या मनावर बिंबविले जाते ते एक साधे तंत्र : चेंडू फेकतो उजवा हात, डाव्या हाताने तो नुसता सावरावयाचा. चेंडूला दिशा आणि बळ देणे हे डाव्या हाताचे काम नव्हे, तरी त्याच्यावाचून नेम साधत नाही.

सान्नोच्या सामन्याची शेवटची पाने जवळजवळ निःशब्द आहेत. चाळीस मिनिटांच्या या एका सामन्याला सुमारे सहा खंड लागले. पण अखेरच्या सेकंदांत लेखक संवाद काढून घेतो, आरोळ्यांची अक्षरे काढून घेतो, उरतात त्या रेषा. रुकावा दोघांच्या कोंडीत सापडतो. बाजूला, योग्य जागी, साकुरागी हात मांडून उभा असतो, डाव्या हाताची ती शिकवण स्वतःशी पुटपुटत. ज्याने त्याला कधी मोजले नाही, तो रुकावा त्याला चेंडू देतो. साकुरागी डंक मारीत नाही. शिकविला गेलेला साधा नेम साधतो, आणि सामना तेथे संपतो. पाठोपाठ दोघे वैरी एकमेकांच्या तळहातावर टाळी देतात. उजवीकडून डावीकडे सरकणाऱ्या या पुस्तकात वाचकाची नजर ३१ खंड डावीकडेच जात होती. येथे ती जाऊन पोहोचते.

शेवट आणखी एका कारणाने लक्षात राहतो. सान्नोला हरविण्यात सर्व बळ वेचलेला हा संघ पुढच्याच सामन्यात आइवा शाळेकडून दारुण हरतो, आणि ही वार्ता लेखक जवळजवळ एका वाक्यात उरकतो. आकागी आणि कोगुरे निवृत्त होतात, मियागी कप्तान होतो, साकुरागी समुद्रकिनाऱ्यावरच्या उपचारगृहात पाठीवर इलाज करून घेत हारुकोचे पत्र वाचीत बसतो. चषक कोणाच्याही हाती दिसत नाही. साप्ताहिकाच्या वाचकांना त्या वेळी हा शेवट अकस्मात वाटला असल्यास नवल नाही. पुनर्वाचनात मात्र तोच एकमेव उचित वाटतो. ज्या कथेने गुणफलकाबाहेरची माणसे इतक्या आस्थेने मोजली, तिला अखेरीस गुणफलकाच्या हवाली होणे शोभले नसते.

खंड नातवंडांना परत करताना कोणते पात्र आवडले असे विचारले, तर ती बहुधा रुकावाचे नाव घेतील. घेऊ द्यावे. पुढे केव्हातरी ती हेच खंड पुन्हा उघडतील, आणि तेव्हा बाकावर बसलेला तो चश्मेवाला मुलगा त्यांची वाट पाहत तेथेच असेल.